चार हातांचें संगीत : फ्रांझ शूबर्ट याचें चरित्र

ऑस्ट्रिया देशाची राजधानी जें व्हिएन्ना शहर, त्याच्या तटाबाहेर अठराव्या शतकाच्या अखेरीस हिमेलप्फोर्टग्रुंड नांवाची एक गरिबांची वस्ती होती. स्वर्गद्वाराची भूमि असा या नांवाचा अर्थ होतो; परंतु नांव मोठें असलें तरी घरें दाटीचीं होतीं, आणि एक खोली व एक स्वयंपाकघर एवढ्याच जागेंत अख्खें कुटुंब राहत असे. अशा एका घरीं ता. ३१ जानेवारी १७९७ रोजीं एका शाळामास्तराच्या पत्नीनें पुत्रास जन्म दिला. त्याचें नांव फ्रांझ पीटर शूबर्ट असें ठेविलें. बाप फ्रांझ थिओडोर हा मोराव्हिया प्रांतांतून शहरांत आलेला. आई एलिझाबेथ ही लग्नापूर्वीं परक्यांच्या घरीं चाकरीस होती. या जोडप्यास चौदा मुलें झालीं, पण त्यांपैकीं पांचच जगलीं. इतके वेळां पाळणा रिकामा झालेल्या त्या घरांत गाणें-वाजविणें मात्र चालूच असे. बापानें फ्रांझास व्हायोलिन शिकविलें, वडील भाऊ इग्नाट्स यानें पियानो शिकविला, आणि थोड्याच दिवसांत भावाजवळ शिकविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. तेव्हां जवळच्या लिख्टेनटाल येथील उपासनामंदिरांतील ऑर्गनवादक होल्झर याच्याकडे त्यास पाठविण्यांत आलें.

सन १८०८ च्या ऑक्टोबर महिन्यांत, वयाच्या अकराव्या वर्षीं, बादशहाच्या चॅपेलांतील गायक-मुलांत त्याची निवड झाली, व त्याबरोबर सरकारी वसतिगृहांत राहून शिकण्याची सोय झाली. विद्या उत्तम मिळाली, पण पोट भरलें नाहीं. सन १८१२ मध्यें त्यानें आपल्या एका भावास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. दुपारच्या बेताच्या जेवणानंतर रात्रीच्या हलक्या जेवणापर्यंत साडेआठ तास काढणें कठीण जातें, तरी एखादा पाव व दोन सफरचंदें घेण्यापुरते पैसे दरमहा पाठवावे, अशी विनंति त्यांत आहे. ज्यांनीं वसतिगृहांत दिवस काढले आहेत त्या वाचकांस हें पत्र परकें वाटणार नाहीं. गाणें लिहिण्यास लागणारा रेघांचा कागदहि त्याच्याजवळ नसे. श्पाउन नांवाच्या, वयानें आठ-नऊ वर्षांनीं वडील असलेल्या विद्यार्थ्याच्या हें लक्षांत आलें, आणि त्यानें कागद पुरविण्याचें काम आपल्याकडे घेतलें. हा श्पाउन शेवटपर्यंत त्याचा मित्र राहिला.

येथें वाचकांस एक गोष्ट समजावून सांगणें अवश्य आहे. आपल्या मंडळ्यांत बाजाची पेटी सर्वांनीं पाहिली आहे. तिचा एक हात भात्यास लागतो, म्हणून सूर बहुधा एकाच हातानें वाजतात. पियानोस भाता नाहीं. पट्टी दाबली म्हणजे आंतील मढविलेली लहान हातोडी तारेवर पडते व नाद निघतो; त्यामुळें वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात. पेटीपेक्षां त्याच्या पट्ट्याहि पुष्कळ. आजच्या पियानोस त्या ८८ असतात. तेव्हां एकाच पियानोपुढें दोघांनीं शेजारी शेजारी बसावें, उजवीकडील माणसानें उंच सुरांच्या व डावीकडील माणसानें खालच्या सुरांच्या पट्ट्या घ्याव्या, अशी एक वादनाची रीत युरोपांत पडली. हिलाच चार हातांचें संगीत म्हणतात. ऐकण्यास सोपें वाटतें, पण जागा थोडी असते, कोपरास कोपर लागतें, आणि कधीं कधीं एकाचा हात दुसऱ्याच्या हाताखालून न्यावा लागतो. सूर लांबविण्याची पायपट्टी बहुधा डावीकडच्याच्या पायाखालीं असते, व ती त्यास आपल्या सोबत्याच्या सुरांकडे कान देऊन दाबावी लागते. ग्रामोफोन व रेडिओ निघण्यापूर्वीं साठ वाद्यांचा मेळ ज्यास कधीं ऐकावयास मिळाला नसता, असा लहान गांवचा मनुष्य तीच रचना घरीं बहिणीबरोबर किंवा शेजाऱ्याबरोबर चार हातांनीं वाजवून तिची ओळख करून घेई.

शूबर्टच्या आज उपलब्ध असलेल्या रचनांत सर्वांत पहिली जी आहे, ती अशीच चार हातांची एक फँटसी होय. ठराविक सांच्यांत न बसविलेल्या, मनाच्या ओढीनें पुढें जाणाऱ्या रचनेस फँटसी म्हणतात. ती त्यानें सन १८१० च्या एप्रिल महिन्यांत आरंभिली व १ मे रोजीं पुरी केली. त्या वेळीं तो तेरा वर्षांचा होता.

सन १८१२ च्या मे महिन्यांत त्याची आई वारली, आणि त्याच वर्षीं त्याचा मुलपणाचा आवाज फुटला. पुढल्या वर्षीं वसतिगृह सोडून त्यानें अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला व बापाच्या शाळेंत अगदीं खालच्या वर्गास शिकवूं लागला. या कामीं त्याचें मन नव्हतें. दिवसां मुळाक्षरें घोटून घ्यावीं आणि मिळेल त्या वेळांत गीतांस चाली द्याव्या, असा त्याचा क्रम होता. ता. १९ ऑक्टोबर १८१४ रोजीं त्यानें गटे कवीच्या, चरख्यावर सूत कातीत बसलेल्या ग्रेट्खेन नामक मुलीच्या गीतास चाल दिली. त्यांत पियानो चरख्यासारखा फिरत राहतो, आणि मुलीच्या मनांत आठवण दाटून येतांच तो क्षणभर थांबतो. हें सतरा वर्षांच्या मुलाचें काम आहे. पुढल्या एका वर्षांत त्यानें सुमारें दीडशें गीतें लिहिलीं. सबंध आयुष्यांतील गीतांची संख्या सहाशेंच्या वर जाते. लिख्टेनटालच्या मंदिराच्या शताब्दीस त्यानें एक मिस्सा रचिली, तेव्हां तींत टेरेझ ग्रोब या मुलीनें गाइलें. तिच्याशीं लग्न करावें असें त्याच्या मनांत होतें. पण त्या काळच्या ऑस्ट्रियांत तुटपुंज्या मिळकतीच्या माणसास लग्नासाठीं सरकारी संमति घ्यावी लागे, आणि त्याची मिळकत दाखविण्यासारखी नव्हती. तिनें सन १८२० मध्यें एका पाववाल्याशीं लग्न केलें.

सन १८१८ च्या उन्हाळ्यांत त्यास एक नोकरी मिळाली. काउंट योहान कार्ल एस्टरहाझी हे हंगेरींतील झेलिझ या गांवीं उन्हाळ्यांत राहत. हा गांव आज स्लोव्हाकिया देशांत आहे. त्यांच्या मारी व कॅरोलिन या दोन मुलींस संगीत शिकविणें हें त्याचें काम होतें. धाकटी कॅरोलिन त्या वेळीं बारा वर्षांची होती. शूबर्टचें राहणें वाड्यांतील नोकरमंडळींत असे. पहिल्यानें त्यास तेथें फार बरें वाटलें, पण लवकरच त्याचें मन व्हिएन्नाच्या मित्रांकडे ओढूं लागलें.

परत आल्यावर तो बापाच्या शाळेंत पुन्हां गेला नाहीं, व यामुळें बाप नाराज झाला. येथून पुढें त्याचें जीवन हें बहुतेक मित्रांच्या आश्रयानें चाललें. कधीं एका कवीच्या खोलींत, कधीं दुसऱ्या मित्राच्या घरीं, असा तो राहत असे. सकाळीं लौकर लिहावयास बसे तो दुपारपर्यंत लिहीत राही, आणि एक रचना संपली कीं दुसरी आरंभी. चष्मा झोपेंतहि काढीत नसे असें मित्र सांगत. तो ठेंगणा व स्थूल होता, आणि मित्र त्यास थट्टेनें छोटें अळंबें म्हणत. सायंकाळीं एखाद्याच्या घरीं मंडळी जमे, फोगल नांवाचा प्रसिद्ध गवई त्याचीं गीतें गाई, आणि तो स्वतः साथ करी. पण प्रकाशक त्याची वाट पाहत नव्हते. सन १८२१ मध्यें मित्रांनींच वर्गणी करून त्याचें एक गीत छापविलें तेव्हां कोठें त्याचें नांव बाजारांत गेलें. पुढें तो आपल्या रचनांचे हक्क मिळेल त्या किंमतीस एकदम विकून टाकूं लागला. व्यवहार त्यास कधींच साधला नाहीं. सन १८२६ मध्यें राजचॅपेलांतील एका जागेसाठीं त्यानें अर्ज केला, तीहि जागा दुसऱ्यास मिळाली.

मित्रमंडळींतील सर्वच संगत चांगली होती असें मात्र नाहीं. सन १८२२ च्या अखेरीस त्यास एक रोग जडला. तो उपदंश होता असें त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात. चरित्र लिहिणारानें अशी गोष्ट झांकून ठेवणें हें प्रामाणिकपणाचें नाहीं, आणि ती चघळीत बसणेंहि योग्य नाहीं. सन १८२३ मध्यें त्यास रुग्णालयांत राहावें लागलें. केस गळाल्यामुळें कांहीं काळ टोप घालावा लागला. सन १८२४ च्या मार्च महिन्यांत दूर असलेल्या एका चित्रकार मित्रास त्यानें पत्र लिहिलें. आपली प्रकृति पुन्हां कधींहि नीट होणार नाहीं, निजतांना आतां सकाळीं जाग येऊं नये असें वाटतें, अशा आशयाचें तें पत्र आहे. त्या वेळीं तो सत्तावीस वर्षांचा होता. याच महिन्यांत त्यानें तंतुवाद्यांच्या दोन मोठ्या रचना हातावेगळ्या केल्या.

त्याच वर्षीं तो दुसऱ्यांदा झेलिझ येथें गेला. आतां त्याची जेवणाची व राहण्याची व्यवस्था मानानें झाली, आणि कॅरोलिन अठरा वर्षांची होऊन पियानो चांगला वाजवूं लागली होती. त्या एका मुक्कामांत त्यानें चार हातांच्या रचना एकामागून एक लिहिल्या. त्यांतील ग्रँड डुओ नांवाची रचना इतकी विस्तृत आहे कीं ती मूळ मोठ्या वाद्यमेळासाठींच असावी असें पुढें कित्येकांस वाटलें. दुसरी एक हंगेरियन धर्तीची आहे. तिच्यांतील चाल वाड्याच्या मुदपाकखान्यांत एक दासी गुणगुणत होती ती त्यानें जातांजातां ऐकिली, अशी आठवण त्या वेळीं तेथें असलेल्या एका पाहुण्यानें नमूद करून ठेविली आहे.

त्याच पाहुण्यानें आणखी एक आठवण लिहिली आहे. कॅरोलिननें एकदां हंसत तक्रार केली कीं गुरुजींनीं आपल्या नांवें एकहि रचना अर्पण केली नाहीं. त्यावर शूबर्टनें उत्तर दिलें कीं तशी आवश्यकताच नाहीं, कारण सर्व कांहीं तिलाच अर्पण आहे. मित्रांस त्याच्या मनाची स्थिति ठाऊक होती; सन १८२८ च्या फेब्रुवारींतील एका मित्राच्या रोजनिशींत ती नोंदलेली आहे. परंतु एक सरदारकन्या व दुसरा शाळामास्तराचा निर्धन, रोगी मुलगा. मध्यें केवढी दरी होती हें तो जाणून होता, आणि ती ओलांडण्याचा त्यानें प्रयत्न केल्याचें कोठेंहि दिसत नाहीं. जें सांगावयाचें तें त्यानें पियानोकडून सांगविलें.

त्याच्या धर्मसंगीताविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. तो रोमन कॅथलिक घरांत वाढला, आणि लॅटिन भाषेंत त्यानें सहा पूर्ण मिस्सा रचिल्या. या सहांतहि विश्वासांगीकारांतील मंडळीविषयींचें कलम त्यानें गाळलें आहे. त्याचें कारण त्यानें लिहून ठेविलें नाहीं, पण सहाही वेळां तें विसरलें असें कोणी म्हणणार नाहीं. सन १८२० मध्यें त्यानें स्त्रियांच्या चार आवाजांसाठीं तेविसाव्या स्तोत्रास संगीत दिलें. त्याचें जर्मन भाषांतर मोझेस मेंडेल्सझोन या यहूदी तत्त्ववेत्त्याचें होतें. सन १८२८ मध्यें त्यानें व्हिएन्ना येथील सभास्थानासाठीं ब्याण्णवावें स्तोत्र प्रत्यक्ष इब्री भाषेंत रचून दिलें.

त्याच्या अंतकाळाचें वर्ष तें हेंच. त्याच्या आदल्या वर्षीं बीथोव्हन निवर्तला होता आणि अंत्ययात्रेंत मशाल धरून चालणाऱ्यांत शूबर्ट होता. सन १८२८ च्या जानेवारींत त्यानें चार हातांसाठीं एक नवी फँटसी आरंभिली. फेब्रुवारींत माइंट्स शहरच्या शॉट नांवाच्या प्रकाशकास आपल्याजवळील रचनांची यादी पाठवितांना त्यानें तींत या फँटसीचें नांव घातलें, आणि ती कॅरोलिन एस्टरहाझी हिला अर्पण आहे असें कळविलें. प्रकाशकानें ती घेतली नाहीं. ता. २६ मार्च रोजीं, म्हणजे बीथोव्हनच्या मृत्यूच्या पहिल्या वर्षदिनीं, मित्रांच्या आग्रहावरून त्यानें केवळ आपल्याच रचनांचा एक जाहीर जलसा केला. त्याच्या उभ्या आयुष्यांतला असा जलसा हा एवढाच. सभागृह भरलें व त्यास कागदी चलनांत सुमारें ८०० गुल्डन मिळाले. पण तीनच दिवसांनीं पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचा पहिला जलसा व्हिएन्नांत झाला, आणि वर्तमानपत्रांस दुसरें कांहीं सुचेना. शूबर्टला त्याचा राग आला नाहीं. हातीं आलेल्या पैशांतून त्यानें पागानिनीचीं तिकिटें काढलीं, आणि तिकीट न परवडणाऱ्या एका मित्रासहि बरोबर नेलें. फँटसी पुरी झाल्यावर ता. ९ मे रोजीं त्यानें व त्याचा मित्र लाख्नर यानें ती एका स्नेह्यापुढें वाजविली.

ही रचना वाजविण्यास वीस मिनिटांपेक्षां कांहींसा कमीच वेळ लागतो. तिचे चार भाग आहेत, पण मध्यें कोठेंहि खंड नाहीं. पेटी वाजविणाऱ्या वाचकांसाठीं सांगतों कीं तिचा षड्ज पांढरी चार हा आहे, व गंधार कोमल. आरंभीं डावीकडचा वादक नुसती संथ साथ धरतो. मग उजवीकडच्याकडून एक साधी चाल येते. खालच्या पंचमावर ती एक दोन वेळां रेंगाळते आणि तेथून षड्जावर उडी घेते. कोणी दार वाजवावें, थांबावें व पुन्हां वाजवावें, तशी ती आहे. एकदां गंधार शुद्ध होऊन ती चाल हंसरी होते, पण तें फार वेळ टिकत नाहीं. पुढें षड्ज एकदम अर्ध्या सुरानें वर, काळी तीनवर जातो. तेथें दोन भाग आहेत, पहिला संथ व करारी, दुसरा नाचरा व जलद. आपण मूळ घरापासून फार दूर आलों असें ऐकणारास वाटूं लागतें, तोंच रचना पुन्हां पांढरी चारवर येते व पहिली चाल जशीच्या तशी ऐकूं येते. येथें संपली असती तरी चाललें असतें. परंतु आतां एक फ्यूग उठतो, म्हणजे एक आवाज जें बोलतो तेंच दुसरा मागून बोलूं लागतो, मग तिसरा, आणि पहिला मात्र थांबलेला नसतो. चारी हात एकमेकांच्या मागें लागतात, जोर वाढत जातो, आणि ऐन शिखरावर, जेथें उलगडा व्हावा तेथेंच, सर्व आवाज तुटतो. क्षणभर शांतता. मग ती पहिली चाल शेवटची एकदां हळूच येते, आणि गंधार कोमल ठेवूनच रचना संपते. शूबर्टनें चार हातांसाठीं इतकें लिहिलें, तरी त्यांत इतकें खरें दुसरें नाहीं असें मला वाटतें. दोघांनीं वाजवावयाच्या रचनेंत एकट्या माणसाचें मन इतकें उघडें पडलेलें क्वचितच आढळतें.

सप्टेंबरांत तो आपला भाऊ फर्डिनांड याच्या नव्या घरीं राहावयास गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस एका खाणावळींत मासळीचा घांस घेतांच त्यास शिसारी आली, व तेव्हांपासून अन्न जाईनासें झालें. अशा स्थितींतहि ता. ४ नोव्हेंबर रोजीं तो सेख्टर नांवाच्या शिक्षकाकडे गेला. फ्यूग रचण्याची विद्या आपल्यास पुरती येत नाहीं असें त्यास वाटत होतें, आणि ती पहिल्यापासून शिकावी म्हणून त्यानें धडे घेण्याचें ठरविलें. सहाशें गीतें व वर वर्णिलेली फँटसी ज्याच्या नांवावर, तो एकतीस वर्षांचा मनुष्य पाटी घेऊन शाळेंत बसावा तसा बसला. एकच धडा झाला. अंथरुणास खिळल्यावर त्यानें एका मित्राकडून अमेरिकन कादंबरीकार कूपर याचीं पुस्तकें वाचावयास मागविलीं. ता. १९ नोव्हेंबर १८२८ रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास तो मरण पावला. विषमज्वर हें मृत्यूचें कारण असावें असें बहुधा मानितात. वाताच्या भरांत तो बीथोव्हनचें नांव घेत होता, म्हणून भावानें त्याचें प्रेत बीथोव्हनच्या कबरेजवळ नेऊन पुरविलें. सन १८८८ मध्यें दोघांच्याहि अस्थि व्हिएन्नाच्या मुख्य दफनभूमींत हलविण्यांत आल्या.

सरकारी अंमलदारानें त्याच्या मालमत्तेची यादी केली. कपडे, अंथरूण व कांहीं जुने गाण्याचे कागद मिळून सर्वांची किंमत ६३ गुल्डन ठरली. त्यांत कागदांचे १० गुल्डन होते. फर्डिनांडच्या घरीं मात्र हस्तलिखितांचा ढीग पडून राहिला. त्यांतूनच दहा वर्षांनंतर शूमान या संगीतकारास एक अख्खी सिंफनी मिळाली, आणि सन १८३९ च्या मार्चमध्यें मेंडेल्सझोन यानें ती लाइप्त्सिग येथें पहिल्यानें वाजवून घेतली.

फँटसीस इतकें थांबावें लागलें नाहीं. रचणारा मातीआड जाऊन चार महिने झाले असतां, सन १८२९ च्या मार्चमध्यें, व्हिएन्नाच्या डियाबेली या प्रकाशकानें ती छापून काढली. मुखपृष्ठावर कॅरोलिन एस्टरहाझीचें नांव होतें. ती तेव्हां तेवीस वर्षांची होती. तिनें सन १८४४ पर्यंत लग्न केलें नाहीं, व सन १८५१ मध्यें ती वारली.